बिनकागदाची गाडी

दुचाकी चोरीच्या फिर्यादीत एक ओळ ठरलेली असते. ‘१५,०००/- रुपये किमतीची काळ्या रंगाची हिरो होंडा स्प्लेंडर मोटारसायकल, जु. वा. कि. अं.’ जुनी, वापरती, किंमत अंदाजे. ठाणे अंमलदार विचारतो, ‘किंमत किती धरायची?’ मालक म्हणतो, ‘धरा की पंधरा हजार.’ गाडी तर गेलीच, आता आकड्यावरून कशाला घोळ घालायचा, असा त्याचा हिशेब. कोर्टात मात्र हाच अंदाजे आकडा चोराच्या शिक्षेला माप लावू शकतो. ते कसं, हे पुढे येईलच. आधी गाडी जाते कुठून आणि पोचते कुठे, ते पाहू.

कोल्हापुरात गाडी जाण्याची ठिकाणं पोलिसांइतकीच वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनाही पाठ झाली आहेत. सीपीआर रुग्णालयाचा परिसर, मध्यवर्ती बसस्थानक, महाद्वार रोड, रंकाळ्याचा काठ, मार्केट यार्ड, लग्नसराईत मंगल कार्यालयांसमोरचे रस्ते, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची फाटकं. या सगळ्या जागांत साम्य एकच. मालक किती वेळ परत फिरकणार नाही, हे लांबून बघणाऱ्यालाही कळतं. सीपीआरमध्ये पेशंट घेऊन धावत आलेला माणूस हँडल लॉक करायचंही विसरतो आणि मग दिवसभर वॉर्डात अडकतो. पहिल्या पाळीला आत गेलेला कामगार आठ तास बाहेर येत नाही. अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत उभा राहिलेला भाविक तर नवरात्रात किती वेळाने सुटेल, हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगरावर गाड्यांची जी दाटी होते, तिच्यात स्वतःची गाडी सापडायला तासभर लागतो. दुसऱ्याची गाडी नेणाऱ्याला मात्र कुठलीही चालते.

चोरही एका जातीचे नसतात. मित्रांत मिरवायला, गोव्याला जाऊन यायला गाडी उचलणारी पोरं असतात. पेट्रोल संपलं की ती गाडी कुठल्यातरी पुलाखाली किंवा घाटात सोडून देतात. बातमीत त्याला ‘मौजमजेसाठी’ म्हणतात, आणि पकडलेल्यांत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ निघालं की बाल न्याय मंडळाचा मार्ग सुरू होतो. दुसरे सराईत. एकाने टेहळणी करायची, दुसऱ्याने उचलायची, तिसऱ्याने विकायची. दिवसातून एकच गाडी, पण वर्षभर. ‘स्थानिक गुन्हे शाखेची कारवाई, चोरट्यांकडून इतक्या मोटारसायकली हस्तगत’ हा मथळा या दुसऱ्या प्रकारचा. त्याखालच्या फोटोत गाड्यांची रांग असते, आणि त्या रांगेकडे नीट पाहिलं तर या धंद्याचं अर्थशास्त्र उघडं पडतं.

त्या रांगेत महागड्या गाड्या थोड्या असतात. बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या, पाच-दहा वर्षं चाललेल्या, सीट फाटलेल्या. शहरात ज्या गाडीकडे कुणी वळूनही बघत नाही, तीच चोराला हवी असते. कारण ती कुणाला हवी आहे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. वैरणीचा भारा आणायला, दुधाची किटली डेअरीत पोचवायला, रात्रीच्या लाइटला मोटर चालू करायला मळ्यात जायला एक दणकट गाडी गावातल्या प्रत्येक घराला लागते. ती गावाच्या शिवेबाहेर फारशी जात नाही. तिला विमा नको, पीयूसी नको, आणि नाव कुणाचं आहे हेही कुणी विचारत नाही. अशी गाडी बाजारात तीस-चाळीस हजारांना असताना कुणी दहा-बारा हजारांत देतो म्हणाला, तर घेणारा एकच प्रश्न विचारतो: ‘कागदं?’ उत्तर तयार असतं. ‘देतो की आठवड्यात. फायनान्सने ओढलेली हाय.’

ही थाप इतकी वर्षं चालते याचं मला नवल वाटतं, कारण ती तपासणं अगदी सोपं आहे. हप्ते थकले म्हणून बँकेने किंवा फायनान्स कंपनीने खरोखर गाडी ताब्यात घेतली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे ती कंपनी नमुना ३६ भरून आरटीओकडून स्वतःच्या नावाचं नवं नोंदणी प्रमाणपत्र घेऊ शकते आणि मग पुढे विकते. म्हणजे ओढून आणलेल्या गाडीलाही कागद असतोच. कागद नंतर येणार असलेली गाडी ही बहुतेक वेळा कागद कधीच न येणारी गाडी असते. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीचा प्रकार, रंग, नोंदणीचं आरटीओ आणि बोजा दिसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत नंबर, चेसिस किंवा इंजिन क्रमांक दिला, तर गाडी चोरीच्या नोंदीत आहे का तेही कळतं. दोन मिनिटांचं काम. घेणाऱ्याला ते करायचं नसतं, कारण उत्तर काय येईल याची त्याला थोडीफार कल्पना असते.

या जिल्ह्याचा नकाशाही चोराच्या बाजूचा आहे. कागलच्या पुढे कोगनोळी आली की कर्नाटक. गडहिंग्लजवरून संकेश्वर, इचलकरंजीवरून बोरगाव, शिरोळकडून पलीकडची गावं. पश्चिमेला गगनबावड्यावरून आणि आंबा घाटातून कोकण, खाली आंबोलीतून गोवा. शाहूपुरीतून दुपारी उचललेली गाडी संध्याकाळी दुसऱ्या राज्यातल्या गोठ्यात उभी असू शकते. सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरीक आहे, भाषा एक आहे, बाजार एक आहेत. पोलीस ठाणी मात्र दोन राज्यांची. एमएच-०९ ची गाडी निपाणीच्या बाजारात दिसली तर कुणाला वावगं वाटत नाही, केए-२३ ची कागलात दिसली तरीही नाही. नोंदणीची माहिती आता देशभर एकत्र आहे, पण ती बघायला कुणीतरी गाडी थांबवावी लागते. मळ्याच्या पाणंदीत कोण थांबवणार?

जी गाडी अख्खी विकली जात नाही, ती सुटी विकली जाते. चाकं, टाकी, कार्ब्युरेटर, इंजिन. कोल्हापूर हे हाताने घडवणाऱ्यांचं शहर. उद्यमनगरात लेथवर बनत नाही असा पार्ट नाही, आणि इथला मिस्त्री दुसऱ्या गाडीचं इंजिन तिसऱ्या चेसिसमध्ये बसवून दाखवतो, हा आपला अभिमान. त्यातल्या शंभरातल्या नव्याण्णवांचा चोरीशी संबंध नाही. पण बिल न मागता जुना पार्ट घ्यायची सवय सगळ्यांना आहे, आणि सुट्या झालेल्या गाडीचा माग लागत नाही. चेसिस क्रमांक घासून नवा ठोकला तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून खालचा मूळ आकडा बऱ्याचदा वर आणता येतो, कारण ठोकताना धातू खोलवर दबलेला असतो. टाकीवर आणि चाकावर आकडाच नसतो.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याआधीच्या चोऱ्यांना जुनं ३७९ कलम, नंतरच्यांना संहितेचं ३०३(२). शिक्षा तीच: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. नवीन आहे ते पुढचं वाक्य: दुसऱ्यांदा दोष सिद्ध झाला तर किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षं सक्तमजुरी. वाचायला बरं वाटतं. पण ‘दोष सिद्ध झाला तर’ हे शब्द महत्त्वाचे. एखाद्यावर दोन डझन गुन्हे नोंद असतील आणि त्यातला एकही खटला निकालापर्यंत पोचला नसेल, तर कायद्याच्या लेखी तो अजून पहिलटकरच. आपल्याकडे सराईत हा शब्द पोलिसांच्या नोंदवहीतून येतो. कोर्टात त्याला निकालाची प्रत लागते.

रिक्षा, टेम्पो, ट्रक, एसटी यांचं वेगळं आहे. माल किंवा प्रवासी नेण्यासाठी वापरलं जाणारं वाहन चोरलं, तर कलम ३०५ लागतं आणि कैद सात वर्षांपर्यंत जाते. दुचाकीच्या फिर्यादीत मात्र सर्रास ३०३(२) च असतं. आणि इथे तो पंधरा हजारांचा आकडा येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८३ प्रमाणे वीस हजारांपर्यंतच्या चोरीचा खटला संक्षिप्त पद्धतीने चालवायचा आहे, आणि संक्षिप्त खटल्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. प्रकरण असं चालवणं योग्य नाही असं दंडाधिकाऱ्यांना वाटलं तर ते नेहमीच्या मार्गाने नेता येतं, हे खरं. पण मुळात तीन वर्षांची चोरी तीन महिन्यांवर येण्याची वाट फिर्यादीतल्या त्या ‘अंदाजे’मधून जाते. आणखी खाली गेलो तर पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, माल परत केला की, समाजसेवेवर सुटते आणि दखलपात्रही राहत नाही. जुन्या लुनाची किंवा एम-८० ची किंमत कोण पाच हजारांवर धरणार? म्हणून किंमत सांगताना अंदाज नको. विमा पॉलिसीवरचा आकडा किंवा जुन्या गाडीचा चालू बाजारभाव लिहून द्यावा. तो मालकाचा हक्क आहे.

टोळीसाठी कायद्याचा हात जड आहे. न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वाहनचोरीचं नाव थेट घेतलेलं आहे. टोळीच्या सदस्यावर गेल्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं दाखल असतील आणि कोर्टाने त्यांची दखल घेतली असेल, तर किमान पाच वर्षं ते जन्मठेप आणि पाच लाखांपासून पुढे दंड. महाराष्ट्रात १९९९ चा मोक्का आधीपासून आहेच, त्याचीही अट जवळपास अशीच. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याची हद्दपारीची कलमं, ५५ ते ५७. हद्दपारीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. कोल्हापुरातून सांगलीत पाठवलेला चोर सांगलीत काय करणार, याचं उत्तर त्या आदेशात नसतं.

उलट टोकाला एक छोटं कलम आहे, मोटार वाहन कायद्याचं १९७. मालकाच्या संमतीशिवाय गाडी चालवत नेणं एवढ्यासाठी तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड. ‘आणून ठेवणारच होतो साहेब’ म्हणणाऱ्यांसाठी हे कलम म्हणजे आधार. चोरीला लबाडीचा हेतू लागतो आणि बचाव पक्षाचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो. त्याच कायद्याचं १२६ वं कलम मालकासाठी आहे: सार्वजनिक जागी गाडी उभी करताना चालकाच्या सीटवर परवानाधारक नसेल, तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असला पाहिजे. म्हणजे पानपट्टीसमोर चालू गाडी सोडून ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणणं हाही नियमभंगच.

आणि विकत घेणारा? न्याय संहितेचं कलम ३१७ त्याच्यासाठी आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला सबळ कारण असून जो घेतो, ठेवतो, त्याला चोराइतकीच तीन वर्षांपर्यंत कैद. हा धंदाच करतो त्याला जन्मठेपेपर्यंत. लपवायला, विल्हेवाट लावायला मदत करणाऱ्यालाही तीन वर्षं. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२४ तर आणखी साधं आहे: चोरीची असावी असं वाटणारी वस्तू तुझ्याकडे कशी आली, याचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, एवढ्यावरही शिक्षा होऊ शकते. कायद्यात ग्राहक सुटलेला नाही. तपासात सुटतो.

मालकाने करायच्या गोष्टी थोड्या आणि ताबडतोबच्या. ११२ वर फोन, मग फिर्याद. ‘आधी आजूबाजूला शोधा, उद्या या’ हे उत्तर कित्येकांनी ऐकलं आहे. एका रात्रीच्या त्या उशिरात गाडीने दोन जिल्हे ओलांडलेले असतात. नव्या कायद्याने कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, प्रत मोफत. नोंदच घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं, तरी नाही तर दंडाधिकारी. फिर्यादीला चेसिस आणि इंजिन क्रमांक लागतात, आणि आर.सी. स्मार्ट कार्ड बहुतेकांनी गाडीच्याच डिकीत ठेवलेलं असतं. गाडीबरोबर कागदही चोराला भेट.

विम्याच्या बाबतीत दुचाकीवाल्यांचा एक मोठा गैरसमज आहे आणि तो समजण्यासारखा आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा झाला. शोरूममधून निघताना हातात जो कागद पडतो, त्यावर पाच वर्षांची तारीख दिसते. पण स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी यांचं संरक्षण त्यात बहुधा पहिल्याच वर्षापुरतं असतं. दुसऱ्या वर्षापासून गाडी चोरीला गेली तर त्या पाच वर्षांच्या कागदावर एक रुपया मिळत नाही. ‘इन्शुरन्स आहे की माझा’ म्हणणारे अर्धे लोक याच गटातले असावेत, असा माझा अंदाज. ज्यांचा विमा खरोखर आहे, त्यांनाही मिळते ती घसारा वजा जाता ठरलेली किंमत. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला तीस टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला पन्नास.

दाव्याला दोन्ही चाव्या मागतात. एकच चावी दिली की संशय सुरू. पोलिसांचा तपास लागला नाही तर ‘अ’ समरी होते, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. तिला कोर्टाची मंजुरी मिळेपर्यंत कंपनी थांबायला सांगते, आणि त्यात महिने जातात. उशिराच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने मालकाची बाजू घेतली आहे. जानेवारी २०२० मधला गुरशिंदर सिंग खटला ट्रॅक्टरचोरीचा होता. फिर्याद त्याच दिवशी झाली, विमा कंपनीला कळवायला ५२ दिवस लागले. फिर्याद तातडीने झाली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असं तीन न्यायमूर्तींनी सांगितलं. ऊसपट्ट्यातल्या ट्रॅक्टरवाल्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. २०२३ मध्ये चावी गाडीतच ठेवून चालक उतरलेल्या ट्रकच्या प्रकरणात न्यायालयाने दावा पूर्ण बुडवला नाही, पण पूर्ण दिलाही नाही. पंचाहत्तर टक्के मान्य केले. आणि २०२१ च्या गोदारा प्रकरणात तात्पुरती नोंदणी संपलेल्या बोलेरोचा चोरीचा दावा साफ गेला. नव्या गाडीला हार घालून देवदर्शन करत फिरणाऱ्यांनी पासिंगची तारीख बघितलेली बरी.

प्रतिबंधाबद्दल आपल्याकडे सल्ले खूप आणि पुरावा कमी, अशी स्थिती आहे. बाहेरचा पुरावा मात्र बोलका आहे. गाडीच्या चावीत चिप आणि ती ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होणं, हे युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना सक्तीचं झालं. नेदरलँड्समधल्या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा मोटारचोरीत सुमारे चाळीस टक्के घट या एका यंत्रणेच्या खात्यावर आली. आपल्या रस्त्यावरच्या चारचाकींत ती बऱ्यापैकी आली आहे. कम्युटर दुचाकीत नाही. ज्या गाड्या सर्वांत जास्त जातात, त्यांचं संरक्षण आजही एका हँडल लॉकवर आणि वर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेल्या चावीवर आहे. जुन्या स्प्लेंडरला शेजाऱ्याची चावी लागते, हा अनुभव गल्लीत प्रत्येकाला आहे.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पश्चिम जर्मनीत १९८० मध्ये हेल्मेट न घालणाऱ्या दुचाकीस्वाराला जागेवर दंड सुरू झाला. हेतू डोकी वाचवण्याचा. पण मोटारसायकल चोऱ्या दीड लाखाच्या घरातून १९८६ पर्यंत ५४ हजारांवर उतरल्या. कारण उघड होतं: संधी दिसली म्हणून गाडी उचलणाऱ्याकडे हेल्मेट नसतं, आणि बोडक्या डोक्याने निघाला की पहिल्याच चौकात अडवला जातो. त्या चोरांनी मग मोटारी चोरायला सुरुवात केली, असंही फारसं झालं नाही. कोल्हापुरात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की कृती समिती उभी राहते. गावातल्या गावात कशाला हेल्मेट, हा युक्तिवाद सगळ्यांना तोंडपाठ आहे. सक्ती हवी की नको यावर वाद घालावा जरूर, पण बोडक्या डोक्यांच्या गर्दीत चोर सहज मिसळतो, हा मुद्दा त्या वादात अजून कुणी मांडलेला मी ऐकला नाही.

बाकीचे उपाय थोडक्यात. चाकाला डिस्क लॉक किंवा जाड साखळी लावली की चोर पुढच्या गाडीकडे जातो. तुमचं भागतं, चोरी थांबत नाही. जीपीएस स्वस्त झालं आहे, दडवून बसवलं तर उपयोगी. गाडी अजून चालती आहे तोवरच्या पहिल्या काही तासांत त्याची किंमत. सशुल्क पार्किंगची पावती जपून ठेवावी. उच्च सुरक्षा नंबरप्लेट १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना कारखान्यातूनच येते. जुन्यांसाठी महाराष्ट्राने मुदती वाढवत वाढवत सक्ती आणली, दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी. होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, एकदा काढली की मोडणारा लॉक. प्लेट बनावट करणं अवघड झालं एवढं नक्की. मात्र चौकातल्या सेफ सिटीच्या कॅमेऱ्याला प्लेट वाचता यावी लागते, आणि ४१४१ चा ‘दादा’ नि ८०५५ चा ‘बॉस’ करून लावणारं हे शहर आहे. मळ्यात फिरणाऱ्या गाडीला तर प्लेटच नसते.

जुन्या गाड्यांच्या दलालांसाठीही १ एप्रिल २०२३ पासून नियम आले. नोंदणीकृत गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्याने आरटीओकडून प्राधिकारपत्र घ्यायचं, मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं ऑनलाइन कळवायचं. गाडी मोडीत काढणाऱ्या अधिकृत केंद्राने २०२१ च्या नियमांप्रमाणे आधी चोरीच्या नोंदी तपासायच्या. हे नियम चांगलेच आहेत. फक्त चोरीची गाडी अधिकृत दलालाकडे आणि अधिकृत मोडीच्या केंद्रात जात नाही. ती ओळखीने जाते.

आणि या ओळखीच्या बाजाराला आपण सगळे प्रामाणिक लोकच आडोसा देतो. गाडी विकली, पैसे मोजून घेतले, नाव बदलायच्या टीटी फॉर्मवर सही करून दिली आणि विसरलो. घेणाऱ्याने नाव लावलंच नाही. अशा दुसऱ्याच्या नावावरच्या गाड्या प्रत्येक गल्लीत आहेत, म्हणून कागद आणि माणूस यांचा मेळ नसणं कुणाला खटकत नाही, आणि त्याच गर्दीत चोरीची गाडीही खपते. विकणाऱ्यालाही हे महागात पडतं. २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेली असली तरी.

सापडलेल्या गाडीची कथाही सरळ नाही. ती मुद्देमाल होते. सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की जप्त वाहनं ठाण्याच्या आवारात सडवू नका. पंचनामा करा, फोटो काढा, हमीपत्र घ्या आणि द्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९७ व्या कलमाने तेच आता मुदतीत बांधलं आहे: माल कोर्टापुढे आल्यापासून चौदा दिवसांत वर्णन आणि फोटो, त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. तरी कुठल्याही ठाण्याच्या मागे जाऊन पाहावं. वेलींनी वेढलेल्या, टायर जमिनीत रुतलेल्या गाड्या तिथे आहेतच. कित्येकांचे मालक सापडत नाहीत, कारण नोंदीतला पत्ता जुना आणि गाडी तीनदा विकलेली. चेसिस क्रमांकावरून मालक शोधून देण्याचं काम मावळातली गंगामाता वाहन शोध संस्था राज्यातल्या अनेक ठाण्यांसाठी करत आली आहे. पोलिसांना हे काम बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं, यातच नोंदींची अवस्था आली.

राहिला तो गावातला ग्राहक. पोलीस त्याच्या दारातून गाडी घेऊन जातात, त्याचे दहा-बारा हजार बुडतात. त्याला ३१७ खाली आरोपी करता येतं. पण त्याला आरोपी केलं, तर ‘ही गाडी मला याच माणसाने विकली’ हे कोर्टात सांगणार कोण? चोराविरुद्धचा तोच सर्वांत मजबूत दुवा. म्हणून तपासी अंमलदार त्याला साक्षीदार करतो, आणि तो तरी दुसरं काय करणार? खटला उभा राहतो तेव्हा हा साक्षीदार बऱ्याचदा ‘आठवत नाही’ म्हणतो, कारण विकणारा पाहुण्याचा पाहुणा असतो. चोरही सुटतो, ग्राहकही. माझ्या मते निदान दुसऱ्यांदा बिनकागदाची गाडी सापडलेल्या माणसाला, आणि एकापेक्षा जास्त गाड्या गावात खपवणाऱ्या मध्यस्थाला, साक्षीदार करणं बंद झालं पाहिजे. दोन-चार तालुक्यांत असे खटले शिक्षेपर्यंत गेले तर गावच्या पारावर त्याची चर्चा हेल्मेटपेक्षा जास्त होईल.

अशी माणसं शोधायला फार लांब जावं लागणार नाही. जिल्ह्यात गावोगावी दूध संस्था आहे आणि तिथे सकाळ-संध्याकाळ अर्धं गाव गाडीवर येतं. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे नेमलेला पोलीस पाटीलही गावात आहे, आणि गावात गुन्ह्याचं काही कानावर आलं तर ते ठाण्याला कळवणं त्याचं कामच आहे. कुणाच्या गोठ्यात कुठली गाडी, ती कधी आली आणि किती रुपयांना आली, हे त्याला विचारावंही लागत नाही. अडचण एकच: ती गाडी बहुतेक वेळा त्याच्याच भावकीतली असते.